रकान्यांची हजेरी

मार्च महिन्यातला शेवटचा मंगळवार. रक्कम रुपये पंचवीस. कारण: भिंतीवरच्या फलकावरचा एक शब्द पुसून त्या जागी दुसरा लिहिणे. हजर: बडे साहब, पेंटर, पंचबाई आणि मी.

व्हाउचरवर ‘हजर’ असा रकाना नसतो. तो मी पदरचा जोडला आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांचा तो शब्द. पंचबाई रोज सकाळी हजेरी घेत, आणि तीही माणसांची नव्हे, रकान्यांची. कॉम्प्युटर सुरू झाला की चहाच्याही आधी त्या खुर्चीत ताठ बसत, फलकावरच्या एकेका शीर्षकाकडे बोट करून नाव पुकारत, आणि मी पडद्यावर तो रकाना शोधून “हजर” म्हणायचं. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, “मान हालवाले तू नंदीबैल हायस का? तोंडानं सांग.”

भिलाईत क्वार्टरांच्या डागडुजीचे ठेके घेणारी एक खासगी कंपनी होती. आता ती नाही. खुर्सीपारचा नळ गळतो, वैशाली नगरात नाली तुंबली, अमुक गल्लीतला दिवा गेला, अशा तक्रारी दिवसभर येत. कुठल्या वस्तीतल्या कुठल्या प्रकारच्या किती तक्रारी बाकी आहेत, हे रोज सकाळी नऊला बडे साहबांच्या खोलीतल्या मोठ्या काळ्या फलकावर खडूने मांडलेलं असे. मधल्या काचेतून तो आमच्या खोलीतूनही समोर दिसे. डाव्या बाजूला वस्त्यांची नावं, वर तक्रारींचे प्रकार. ही नावं तेवढी ऑइलपेंटने रंगवलेली, आकडे खडूचे. साहेब खोलीत शिरले की खुर्चीवर बसायच्या आधी फलकापुढे उभे राहत. हल्लीची मुलं ज्याला डॅशबोर्ड म्हणतात, तो आमच्याकडे लाकडाचा होता एवढंच.

पंचबाईंचं हे नाव ऐकून नवा माणूस समजे की या कुठल्या गावच्या पंच असाव्यात. बोलणं ऐकल्यावर तर त्याची खात्रीच पटे. खरं म्हणजे लग्नाआधी त्या नागपूरला एका ऑफिसात कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर होत्या. आकडे कार्डांवर भोकांनी लिहायचे तो काळ. त्या मशीनचं नाव पंच, म्हणून या पंचबाई. हजेरीपटावर त्यांच्या नावाची दोनच आद्याक्षरं होती, एस. पी., आणि पुढे आडनाव. त्यातला पी म्हणजे पंच, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. त्याही हसायच्या आणि विषय बदलायच्या.

लग्न होऊन भिलाईला आल्यावर त्यांना टाइपिंग करावं लागलं. त्याबद्दल त्या म्हणत, “एवढे वर्सं मशीनवरच्या या बोटाचं मी लोणचं घालून ठेवलं होतं, बाबू.” म्हणून ऑफिसात कॉम्प्युटर आला तो दिवस त्यांच्यासाठी सणाचा होता. मी त्याच महिन्यात प्रोग्रॅमर म्हणून लागलो होतो. खोलीला एसी बसला, दाराबाहेर चपला काढायची पाटी लागली, साहेबांनी नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी मशीनवर उडू नये म्हणून पंचबाईंनी आपला पदर आडवा धरला. मग कीबोर्डाला नमस्कार करून त्या खुर्चीत बसल्या. घरून शिवून आणलेली कापसाची छोटी गादी त्यांनी त्या खुर्चीवर आधीच टाकून ठेवली होती. पहिल्यांदा प्रिंटर कर्र कर्र करत चालला आणि रुंद कागदावर वस्त्या आणि आकडे उमटत बाहेर आले, तेव्हा अकाउंट्समधली माणसंसुद्धा टेबलं सोडून दाराशी जमली. मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालताना पाहत होतो. अजूनही ते आठवलं की छातीत काहीतरी उडी मारतं.

पंचबाईंची दुसरी सवय म्हणजे त्या तोंडाने टाइप करत. जे अक्षर बोटाखाली, तेच ओठावर. “डब्ल्यू, ए, टी…” असं पुटपुटणं दिवसभर खोलीत चालू असे. मी एकदा विचारलं, “काकू, मनातल्या मनात नाही जमत?” त्या म्हणाल्या, “मशीन माह्या मनातलं ऐकते का? मंग?” गप्प बसून टाइप करायला सांगितलं की त्यांची बोटं अडखळत. मी दोनदा पाहिलं आणि नाद सोडला.

आता कामाची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दर सोमवारी नव्या आठवड्याची नवी फाइल उघडायची. तिच्यात रकान्यांची नावं पंचबाई टाइप करत आणि मग दिवसभराच्या तक्रारी भरत. माझा प्रोग्रॅम त्या नावांवरून रकाना ओळखे, बेरजा करी आणि सकाळचा कागद छापे. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी प्रोग्रॅम जागीच थांबे आणि पडद्यावर इंग्रजीत येई, ‘व्हेरिएबल नॉट फाउंड’. पहिल्यांदा ते वाचून पंचबाईंनी विचारलं, “हा व्हेरिएबल कोण? आपल्याकडं तर या नावाचं कोणी नाही.” मी समजावलं की प्रोग्रॅम एक नाव शोधतोय आणि ते फाइलीत नाही. “असं सांग ना. गैरहजर हाय.”

तेव्हापासून हजेरी सुरू झाली. कागद अडला की त्या तीन गोष्टी विचारत, आणि याच क्रमाने. “आलाच नाही का? नाव बदलून आला का? का दुसऱ्याच्या जागेवर बसला?” एकदा कागद बिनतक्रार छापून आला आणि तरी त्यांनी तो साहेबांकडे जाऊ दिला नाही. खुर्सीपारला पाण्याच्या तक्रारी दोन आणि नाल्यांच्या ढीगभर दिसत होत्या. “मे महिन्यात नाल्या तुंबतात का? तुंबाले पाणी तं पाहिजे.” मी रकान्यांचा क्रम बदलताना पाण्याचे आकडे नालीच्या शीर्षकाखाली नेऊन बसवले होते. कागद दुरुस्त होऊन आला तसा त्यांनी अख्ख्या ऑफिसात फिरवून दाखवला. मिरवायची संधी त्या सोडत नसत.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. रकान्यांची नावं इंग्रजी होती. मग दिल्लीच्या ऑफिसातून पत्र आलं की कामकाज शक्य तितकं हिंदीत करावं. बडे साहब उत्तर प्रदेशातले, हिंदीचे अभिमानी. त्यांनी आठवड्यात फलक रंगवून घेतला. पाण्याचं ‘जल’ झालं, ड्रेनेजचं ‘नाली’, लाइटचं ‘प्रकाश’, बिल्डिंगचं ‘भवन’. फाइलीतही हीच नावं रोमन अक्षरांत घालायची असं ठरलं. मी प्रोग्रॅममध्ये नावं बदलली आणि पंचबाईंना नव्या फलकाकडे पाहून फाइल बनवायला सांगितलं.

पहिल्या सोमवारी कागद अडला. पाहिलं तर त्यांनी तीन रकाने हिंदीत घातले होते आणि चौथा जुनाच, लाइट. सवयीनं झालं असेल म्हणून मी बदलून टाकलं. दुसऱ्या सोमवारी पुन्हा अडला. या वेळी तिथं ‘बत्ती’ होतं. मी म्हणालो, “काकू, प्रकाश लिहायचं आहे, प्रकाश.”

“माहीत हाय मले.”

“मग बत्ती कावून लिहिलं?”

“बत्ती म्हंजे बी थेच ना?”

“आपल्याले थेच. मशीनले नाही.”

“मंग तुह्या मशीनले शिकव,” असं म्हणून त्या चहा आणायला उठल्या. एरवी चहा त्या जागेवर मागवत.

हजेरीतही विचित्र व्हायला लागलं. “जल?” हजर. “नाली?” हजर. मग त्या खोकत आणि बोटानं फलकाकडे दाखवत, “अन् थे?”

“कोण ते?”

“थे उजेडवालं.”

“हजर.”

“भवन?” हे पुन्हा खणखणीत.

तिसऱ्या सोमवारी दिल्लीहून मालकांचे भाऊ फलक पाहायला यायचे होते. नऊ वाजले आणि कागद अडला. या वेळी फाइलीत चौथ्या रकान्याचं नाव होतं नुसतं एकच अक्षर, पी. पाहुणे कोऱ्या फलकापुढे उभे राहिले आणि घड्याळ बघून निघून गेले. साहेब आमच्या खोलीत आले. चपला काढायच्या राहून गेल्या, यावरूनच मी काय ते समजलो.

“ये क्या है? पी? पी माने क्या?”

पंचबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

साहेब सावकाश बोलत, रागातसुद्धा. “तीन सोमवार हो गए, बहनजी. एक शब्द है, प्रकाश. सामने दीवार पर लिखा है. पढ़िए तो ज़रा.”

पंचबाईंनी फलकाकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

मी मध्ये पडलो. म्हणालो, “सर, फाइल सोमवारच्या सोमवारी मीच बनवून ठेवीन.”

“फिर ये यहाँ किसलिए बैठी हैं?” साहेब म्हणाले. “अगले सोमवार फाइल ये बनाएँगी, और ठीक बनाएँगी. नहीं तो भिलाई-तीन के गोदाम में आवक-जावक का रजिस्टर देखेंगी.”

ते गेल्यावर पंचबाई खुर्चीकडे वळल्या. मग म्हणाल्या, “थे लोखंडाच्या भंगाराजवळचं गोदाम का?” मी हो म्हणालो. त्यांनी खुर्चीवरची गादी काढली, झटकली आणि परत घातली. गादीशिवाय खुर्ची कशी दिसते हे एकदा पाहून घ्यावं तशी. टाइपिंगमध्ये इतकी वर्षं काढून मिळालेली ही खुर्ची होती, आणि ती एका सोप्या शब्दापायी जाणार होती. मला त्यांचा रागही आला. मी म्हणालो, “काकू, सात अक्षरं आहेत फक्त. हट्ट कशाला करता?”

“हट्ट नाही करून राहिली, बाबू,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी फाटकाशी उभा होतो. पंचबाईंचे यजमान रोज तिथं सायकल घेऊन येत. कारखान्यात कामाला होते, अंगानं आडदांड, म्हणून गार्डापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना पैलवान म्हणत. मीही पैलवानकाका म्हणायचो. पंचबाई स्वतः त्यांना “आमचे हे” म्हणत, फार तर “पोराचे बाबा”. ते सायकलला टेकून उभे होते. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा त्यांच्या कारखान्यातला कोणी सायकलस्वार ओरडला, “काय प्रकाशभाऊ, आज आमच्या आधी?”

मी जागच्या जागी उडालो. ते नाव कानात शिरलं आणि तिन्ही सोमवार एकदम उलगडले. लाइट, बत्ती आणि ते एकटं पी. त्यांनी लिहायला घेतलं असणार, पहिलं अक्षर तोंडानं म्हणत दाबलं असणार, आणि पुढचं म्हणायच्या आधी ओठ मिटले असणार. हजेरीपटावरचा पी तर वर्षभर माझ्यासमोर होता.

“काका,” मी म्हणालो, “तुमचं नाव प्रकाश आहे?”

“पैलवान तं लोक म्हणतात. नाव प्रकाशच. कावून?”

मला हसू आवरेना. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका शोधल्या, पण एवढा आनंद कुठल्याच चुकीनं दिला नाही. तेवढ्यात पंचबाई फाटकातून आल्या. मला हसताना आणि यजमानांना गोंधळलेलं पाहून त्यांना काय झालं ते कळलं. चेहरा लाल झाला.

“काकू, मले सांगाचं ना.”

“कसं सांगू? सांगाले बी नावच घ्या लागते.”

“तोंडानं नका घेऊ. नुसतं टाइप करायचं.”

“माह्ये बोटं मुकी नाहीत, बाबू. तुले माहीत हाय.”

पैलवानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे तीन हप्ते माह्यापायी त्या मशीनचं काम अडलं? माह्यापायी तं कधी कारखान्याचा एक पाना बी अडला नाही.” ते इतके खूश झाले की मागे बसलेल्या पंचबाईंनी पाठीत धपाटा घातल्यावरच सायकल हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ओरडतील, अडाणीपणा म्हणतील, अशी तयारी करून गेलो होतो. ते फलकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हमारी श्रीमतीजी राशन कार्ड बनवाने गई थीं. बाबू ने पूछा, पति का नाम? ये चुप. पीछे लाइन लग गई. आख़िर मोहल्ले के एक लड़के को बुलाकर कहलवाया.” थोडं थांबून म्हणाले, “वह भी ग़लत बता गया. साल भर हम ग़लत नाम की चीनी खाते रहे.” आणि त्यांनी पेंटरला बोलावणं धाडलं.

तोच हा मंगळवार. पेंटरनं विचारलं, काय लिहू? साहेब म्हणाले, बिजली. पंचबाई दारातून म्हणाल्या, “सर, दियाबत्ती अच्छा लगेगा.” हा शब्द हिंदीत चालतो, मराठीत समजतो, आणि त्या काळी रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागे, त्यातही बसला. पेंटर म्हणाला, पुसायचे दहा आणि लिहायचे पंधरा. एका शब्दाला पंचवीस रुपये साहेबांना फार वाटले, पण त्यांनी सही केली. व्हाउचरवरचं कारण मीच लिहिलं, वर दिलं आहे तसं.

पुढच्या सोमवारी पंचबाईंनी फाइल बनवली, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, मुद्दाम दार उघडं ठेवून. “दियाबत्ती?” त्यांनी पुकारलं. मी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं “हजर” म्हणालो. प्रिंटर सुरू झाला. गोदामाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मी त्यांच्याबरोबर आणखी काही वर्षं काम केलं. मशीनं बदलली, पडदे रंगीत झाले, हजेरी चालूच राहिली. माझी मुलगी आता पुण्यात याच कामात आहे. मागे तिचा फोन आला, वैतागलेली होती. डॅशबोर्ड लाल झालाय, कॉलम सापडत नाही म्हणतोय, सगळं तपासून झालं. मी विचारलं, आलाच नाही, नाव बदलून आला, की दुसऱ्याच्या जागेवर बसला? तिनं पाहिलं. नाव बदललं होतं. ती ते दुरुस्त करून फोन ठेवणार होती. मी म्हणालो, थांब, ती फाइल भरतं कोण, त्या माणसाला आधी फोन कर आणि नाव का बदललं ते विचार. तिला वाटलं, बाबांना जुन्या गोष्टी आठवताहेत. तिनं फोन केला मात्र. पुढच्या आठवड्यात तो रकाना पुन्हा हरवला नाही.

पंचबाई निवृत्त झाल्या तेव्हा भिलाईची मध्य प्रदेशातली वर्षं संपत आली होती, नवं राज्य व्हायच्या बेतात होतं. भंडाऱ्याकडे यजमानांचं घर होतं, तिकडे जायचं ठरलं होतं. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली होती, नुकतंच लग्न झालेली. निरोपाच्या दिवशी दुपारी पाहतो तर आमचा जुना पेंटर डबा आणि ब्रश घेऊन फलकापुढे उभा. मी विचारलं, कोणी बोलावलं? तो पंचबाईंकडे बघून हसला.

“आता माह्यापायी कावून अडकवून ठेवाचं?” पंचबाई म्हणाल्या. “साहेबानं हौसेनं लिहून घेतलेला शब्द होता. लिही रे बाबा, पयलेचा.” मग नव्या मुलीकडे वळून म्हणाल्या, “पन थांब. तुह्या नवऱ्याचं नाव का हाय, पोरी?”

“विकास,” मुलगी पटकन म्हणाली.

पंचबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. “सांगूनच टाकलं इनं,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. त्या सगळ्यात जास्त हसल्या.

समोसे झाले, शाल झाली. अकाउंट्समधल्या मराठी बायका मागे लागल्या की उखाणा घ्या, आता तरी नाव घ्या. पैलवान दाराबाहेर चपला काढून उभे होते, आत येत नव्हते. पंचबाईंनी आढेवेढे घेतले, पण मला वाटतं त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. फलकाकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं एकेका शीर्षकाकडे बोट करत म्हणाल्या,

“जल हाय, नाली हाय, भवनाची लागली हजेरी,
प्रकाशरावाचं नाव घेऊन निघाली मी माह्या घरी.”

रंग अजून ओला होता. टाळ्या सुरू व्हायच्या आधी दारातून पैलवानांचा आवाज आला, “हजर.”

साहेब तोवर बदलून गेले होते, त्यांना हे पाहायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं. पंचबाईंनी खुर्चीवरची गादी उचलली, जरा विचार केला, आणि परत ठेवून दिली. मग पर्स उघडली. पेंटर म्हणाला, अब चालीस लगते हैं, बहनजी. त्या म्हणाल्या, “तब पच्चीस लिए थे, अब भी पच्चीस. शब्द वही है.” त्यानं वाद घातला नाही.

रक्कम रुपये पंचवीस, रोख. घेणार पेंटर, देणार पंचबाई, स्वतःच्या पर्समधून. व्हाउचर केलं नाही. केलं असतं तर कारण असं लिहिलं असतं: नवऱ्याचं नाव त्याच्या जागेवर परत बसवणे.